कामाला लाग

५ जानेवारी, सोमवार
आज सोन्याचा दिवस! जुन्नरात साहेबांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाचा सत्कार झाला. गाडीत बसताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "कामाला लाग." संपला विषय. राजकारणात 'बघू' म्हणजे नाही आणि 'कामाला लाग' म्हणजे तिकीट. झेडपी फायनल. भाषणात 'तरुणांना संधी' असंही म्हणाले. मी युवक आघाडीचा तालुकाध्यक्ष. वय छप्पन्न, पण पद ते पद.

७ जानेवारी
जाकीट शिवायला टाकलं. द्रौपदा विचारते, साहेबांनी तुमचं नाव तरी घेतलं का? बायकोला राजकारण कळत नाय. वर म्हणे, तिकिटाचं ऱ्हाऊ द्या, शेताला दिवसा लाईट मागा, रातच्याला बिबट्याच्या भ्यानं पाणी धरवत नाय. अगं, आधी तिकीट, मग बिबट्या.

१० जानेवारी
पेठला सभा. लोकांनी दिवसाच्या लाईटीचंच लावून धरलं. साहेबांचा डोळा लागलेला. मी माईक घेऊन सांगितलं, साहेब चिंतन करतायत. जागे झाल्यावर त्यांनी पेठला एसटी आणायचं वचन दिलं. हायवेवरचं गाव, एसट्या दिवसभर जातात. तरी टाळ्या मीच सुरू केल्या. मागनं एक जण ओरडला, "राव, आमाला बिबट्यानं खाल्ल्यावर लाईट देता का?" विरोधकांचा माणूस, दुसरं काय!

१३ जानेवारी
डिंगोऱ्याच्या भरतलाही साहेब 'कामाला लाग' म्हणालेत. आमच्याच पक्षातल्या भिमाजीलाही. दोघांनी जाकिटं टाकलीत. कीव आली. साधं बोलणं, त्याचा लोक काय काय अर्थ काढतात!

१७ जानेवारी, सकाळ
जाकीट आलं. पोटावर तंग. आज यादी. पेढे आणून ठेवलेत.

संध्याकाळ
तिकीट साहेबांच्या नातवाला. पुण्यात राहतो, डिंगोऱ्याला मॅप लावून येतो.
तडक बंगल्यावर गेलो. म्हटलं, साहेब, तुमी शब्द दिला व्हता. साहेबांनी निरखून बघितलं अन् हसले. "काय भागुजी, बरंय ना? पोरगं शाळेत जातंय का?"
भागुजी माझा बाप. वारून लई वर्षं झाली, दहाव्याला साहेबांनीच भाषण ठोकलं होतं. अन् पोरगं म्हणजे मी!
दगा झाला. सगळी जवानी ह्यांच्या सतरंज्या उचलण्यात गेली, अन् ह्या माणसाला मी कोण तेच ठाऊक नाय. अंगाची लाही लाही झाली. आज काय व्हायचं ते होऊ दे म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब उठले. तोंडातनं निघालं, "साहेब, तुम आगे बढो!"
खोलीत तिसरं कुणीच नव्हतं. "हम तुम्हारे साथ है" पण मलाच म्हणावं लागलं.