सिनाईवर मोहरी

कुंभकोणम्,
३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
विजीचे शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं काय, काय करतेस आणि मी ओरडले की शेजारच्या जननी मामी भांडण समजून धावत येतात. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी जिवाला लागणारी आहे. आपल्या सिस्टर आरोग्यमेरी दसऱ्यानंतर कुंभकोणम् सोडणार. नव्वदीला टेकल्या, जिना चढवत नाही, म्हणून त्यांना तिरुच्चीला म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी नेणार आहेत. मी भेटायला गेले. सिनाई पर्वत बघायचा राहिला, एवढंच म्हणाल्या. आठवतं ना, मॉरल सायन्सच्या तासाला फळ्यावर तो डोंगर काढायच्या? वर ढग, ढगात विजा, आणि मोशे देवाच्या आज्ञांच्या दोन पाट्या घेऊन उतरतोय. यात्रेला दोनदा नाव लागलं त्यांचं. एकदा तिकडे लढाई पेटली, एकदा इकडे गुडघा मोडला.

माझ्या तोंडून निघून गेलं की यंदा आमच्या नवरात्रातल्या कोलूत, बाहुल्यांच्या मांडणीत, सिनाईच करतो, सरस्वतीपूजेला बघायला या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, अक्का. आता माघार कशी घेऊ?

अडचण आमच्या ह्यांची. बाहुल्यांच्या पायऱ्यांशेजारचा डोंगर दर नवरात्रात हेच रचतात. गेल्या वर्षीच्या कैलासातून गंगा खरीच वाहिली, ती थेट जननी मामींच्या रेशमी साडीवर. पण सिनाई म्हटल्याबरोबर यांच्यातला निवृत्त भूगोल मास्तर जागा झाला. डोंगराची खरी जागा ठरल्याशिवाय मातीला हात लावणार नाही म्हणतात. तूच काही लिही. ते एकट्या तुलाच घाबरतात.

माया आहेच, ती पुण्याच्या कोरड्या हवेत सुकू देऊ नकोस.

तुझी,
विजी

*

पुणे,
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. विजीस अनेक आशीर्वाद.

सिस्टरांचं वाचून घास उतरेना. माझा डावा कान त्या नेमाने पिळायच्या. तो आता वयानं गेला की त्यांच्या चिमटीनं, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. पण त्यांना डोंगर दिसला पाहिजे, यात दुमत नाही.

जानकीरामरावांना माझा निरोप दे. कोलूतला तो तराजू धरलेला चेट्टियार वाणी आपल्या आजीच्या काळापासून दुकान मांडून बसलाय आणि आजवर मूठभर डाळ विकलेली नाही. त्याला कोणी जाब विचारला का? मग एकट्या डोंगरानंच खरं का असावं? तुमच्या भूगोलासाठी ती म्हातारी रिकाम्या हातानं तिरुच्चीला गेली, तर मी दसऱ्याला स्वतः येईन आणि महिनाभर राहीन, असंही सांग.

मोशे म्हणून आपला अगस्त्य ऋषींचा बाहुला उभा कर. दाढी आहे, आणि विंध्याला वाकवलेला माणूस, डोंगराची सवय आहे. पोट जरा पुढे आहे, त्यावर उपरणं टाक. पाट्यांना फुटक्या पाटीचे तुकडे चालतील.

इकडे सगळे मला अजून विचारतात की हे जुन्या बखरीतलं मराठी तिकडे तमिळ मुलखात कुठे शिकलात. मी कॉन्व्हेंटमध्ये म्हणून सांगते.

आठवण ठेव, आणि अगस्त्याला नीट पूस.

अंबाक्का

*

कुंभकोणम्,
१३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अंबाक्कांस,
जानकीरामचा सा. न. वि. वि.

आपला निरोप पोचला. विजीने तो तीनदा मोठ्याने वाचून पोचवला. महिनाभर राहण्याचा भाग जास्त मोठ्याने.

परंतु माझी बाजू ऐकावी. सिनाईच्या दक्षिण टोकाला जबल मूसा आहे, पायथ्याशी फार पुराणा मठ आहे. बहुतेक यात्रेकरू तिथेच जातात. काही जण म्हणतात, छे, खरा डोंगर अरबस्तानातला जबल अल-लौझ, त्याचा माथा जळल्यासारखा काळा आहे. आणखी काहींनी नेगेवच्या वाळवंटात हार कार्कोम धरून ठेवला आहे. नावाचंही तेच. कोणी म्हणतं सिनाई हे सिन नावाच्या चंद्रदेवावरून आलं, कोणी म्हणतं तिथल्या काटेरी झुडपावरून. त्याच डोंगराला होरेब हे दुसरं नाव, म्हणजे कोरडा, उजाड.

मी हट्ट करतो असं वाटेल. पण जिने जन्मभर वाट पाहिली, तिला शेवटच्या भेटीत भलताच डोंगर दाखवायचा, ही फसवणूक नाही का? माझ्या मनाला ते लागतं.

तरी आपला धाक आहेच. म्हणून एक तोड काढली आहे. तिन्ही जागांचं एका बाबतीत जमतं: हिरवं असं काही दृष्टीस पडत नाही. तेव्हा ठणठणीत कोरडा डोंगर करतो. दगडाच्या रंगासाठी कॉफीचा चोथा वाळवायला घातला आहे. या गावात त्याला तोटा नाही. पायथ्याशी पाटी लावीन की जागेबद्दल मतभेद आहेत. निदान उजाडपणा तरी खरा असेल.

कृपादृष्टी असावी, आणि ती पुण्याहूनच असावी.

आपला,
जानकीराम

*

कुंभकोणम्,
२६ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला. डोंगर असा साधला होता की बघूनच तहान लागावी. पण कोलू मांडायच्या संध्याकाळी हे पट्टीश्वरमला देवीच्या दर्शनाला गेले होते. मी देवीचं स्तोत्र म्हणत आवरत होते, आणि दर वर्षी डोंगर झाला की करते तेच हातांनी केलं. भिजवलेली नाचणी आणि मोहरी मुठीनं फेकली त्यावर! रोज सकाळ-संध्याकाळ पाणीही शिंपडत राहिले. डोकं कुठे होतं कोण जाणे.

आज सिनाई हिरवागार झाला आहे. आल्या-गेल्या बायका पळणीचा, कार्तिकस्वामीचा डोंगर समजून हात जोडतात आणि मुरुगन कुठे ठेवलात म्हणून विचारतात. हे कोंब उपटायला पुढे झाले, तर जननी मामींनी मनगट धरलं. नवरात्रातले कोंब देवीचे, दसऱ्याआधी नख लावायचं नाही म्हणाल्या. वाळूनं झाकू का, विचारलं. तर देवीला गाडणार का, म्हणाल्या.

बुधवारी सिस्टर येणार. मी काय करू? त्यांनी जन्मभर वाट पाहिलेल्या डोंगरावर मी मोहरी पेरली, अक्का.

हे पत्र वाचून हसलीस तर माया पातळ झाली असं समजेन.

विजी

*

पुणे,
३० सप्टेंबर २०२५

चि. सौ. विजीस आशीर्वाद.

हसले. एक शेळी आण. तिला देवीचा कोप लागत नाही.

अंबाक्का

*

कुंभकोणम्,
४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातली शेळी आज पोचली. सिस्टर बुधवारीच येऊन गेल्या.

रिक्षातून उतरल्या त्या एका तरुण सिस्टरच्या आधारानं. पायाला सूज, म्हणून डॉक्टरांचे पट्ट्यांचे जोडे. मी म्हटलं की तुम्हाला जोडे काढायचं कारण नाही, तशाच आत या. तेवढ्यात हे नकाशे घेऊन ओट्यावर वाट अडवून उभे. आत जाण्याआधी माफी मागायची, म्हणून सुरू झाले: जागा तीन, नावाचे अर्थ वेगवेगळे, त्यातला एक कोरडा, आणि आमच्या घरी मात्र मोहरी.

सिस्टर ओट्यावर बसल्या आणि सगळं ऐकून घेतलं. मग पाय पुढे केले. म्हणाल्या, डोंगर कुठे आहे याचा पत्ता बायबलात नीट दिलेला नाही, पण तिथे पोचल्यावर मोशेला देवाचा पहिला हुकूम कोणता झाला तो स्वच्छ लिहिलाय: जोडे काढ. तेव्हा भाषण पुरे, मास्तर, आणि पट्टे सोडवा.

हे खाली बसले, अक्का. नकाशे काखेत, चष्मा नाकावर, एक पट्टा काही केल्या निघेना. मी मदतीला वाकले तर मला हातानं बाजूला केलं. मग त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून सिस्टर अनवाणी आत गेल्या.

डोंगरासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की प्रसादाचं हरभऱ्यांचं सुंडल निवून गेलं. कोंबांवरून तळहात फिरवला. म्हणाल्या, फळ्यावर खडू पांढराच असायचा, त्या डोंगराला रंग असेल हे मनातच आलं नाही. मोशेच्या पोटाकडे बघून म्हणाल्या की डोंगरावरच्या चाळीस दिवसांच्या उपासाचं हे फळ उत्तम. पायथ्याची मतभेदांची पाटी मात्र त्यांनी वाचलीच नाही, आणि हे तिच्यासमोर उभे राहून ती झाकत होते, ते फक्त मी पाहिलं.

निघताना जोडे घालायला तयार नाहीत. तरुण सिस्टर रागावली, उपयोग नाही. जननी मामींनी गडबडीत हाताला लागेल त्या कागदात सुंडल बांधून दिलं. रिक्षा वळली तेव्हा मांडीवर जोडे, जोड्यांवर पुडी, आणि पुडीला गुंडाळलेले यांचे नकाशातले तिन्ही डोंगर. हे बघत होते, पण थांबवलं नाही.

जीव लावतेस तसा लावत राहा. हेही नमस्कार सांगतात, न विचारता.

तुझी,
विजी