राहिलेला ह

सोमवार, संध्याकाळ. रामवाडी.

सुगंधा गेली. वाडीवरची, माझ्या पहिलीच्या वर्गातली. आईबाप रोह्याकडच्या वीटभट्टीवर निघाले, तिला मागे कुणाकडे ठेवणार?

सकाळी शाळेत जाताना स्टँडवर भेटले सगळे. तिने एसटीच्या पाटीकडे बोट केलं, वाचलं, "रो..." आणि माझ्याकडे बघितलं. र झालाय, काना-मात्रा झाल्यात. ह अजून घेतलेला नाही.

मी पुढचा 'हा' सांगितला नाही. मूल अडलं तरी शब्द सांगायचा नाही, त्याचं त्याला जोडू द्यायचं, ही वर्गातली सवय. पण न शिकवलेलं अक्षर ती जोडणार कशी? एवढंही सुचू नये मला?

"चल गो, गाडी सुटंल," म्हणत आईने तिला ओढलं. मला म्हणाली, "बाई, पावसाला येऊ परत."

गाडी हलली तेव्हा खिडकीत तिचं ते बोट तसंच वर होतं.

पाऊस किती लांब आहे अजून! उद्या वर्गात ह घ्यायचा होता. बाकीच्या मुलांना अडवून ठेवणं बरोबर नाही, कळतं मला. तरी उद्या ब घेईन.