पंखामागची खिडकी

४ मार्च, सोमवार

खोली मिळाली, आणि काय खोली मिळाली! तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी उघडली की समोर विमानतळाचं कुंपण आणि त्यापलीकडे धावपट्टीचं टोक. घरमालकीणबाई अपराधी चेहऱ्याने सांगत होत्या, की इथे आवाज फार, म्हणून भाडेकरू टिकत नाहीत. तेवढ्यात एक विमान गच्चीवरून असं गेलं की कपाटाच्या काचा वाजल्या. मी इतका खूश झालो की बाईंना वाटलं, मला कमी ऐकू येतं. त्या पुढचं सगळं ओरडून बोलल्या.

दवाखान्यात रुजू झालो. एक्स-रे विभाग, सकाळी सात ते दोन. म्हणजे दुपारपर्यंत लोकांची हाडं आणि दुपारनंतर विमानांची पोटं. याहून जास्त काय हवं?

ताईला फोन केला. तिला ही विमानांची हौस म्हणजे शुद्ध खूळ वाटतं. चौतिशी उलटली तरी आकाशाकडे बघत फिरतोस, एखाद दिवशी गटारात पडशील, म्हणाली. पण बावीस तारखेला ती येणार आहे, तीही विमानाने. आयुष्यात पहिल्यांदा! मी नऊ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला हिनेच वाढवलं. स्वतःसाठी कधी कुठे गेली नाही. फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, की एवढे फोटो काढतोस तर माझ्याही विमानाचा एक काढ.

काढणार. आणि असा तसा नाही. बावीसपर्यंत या विमानतळाभोवतालची सगळ्यात चांगली जागा शोधून ठेवायची.

६ मार्च, बुधवार

दोन जागा बघून झाल्या.

पहिली, प्रवाशांच्या पार्किंगची पाचव्या मजल्यावरची गच्ची. उंची छान, पण दुपारी डांबर तापतं आणि हवा अशी थरथरते की विमान पाण्यातून काढल्यासारखं दिसतं. त्यात पहारेकऱ्याने हटकलं. दुसरी, कालव्याचा बांध. चाकं जमिनीला टेकतात आणि धूर निघतो तो क्षण तिथून नेमका मिळतो, पण सूर्य समोर. विमान काळं ठिक्कर येतं. सुटीच्या दिवशी सकाळी चालेल. ताईचं विमान साडेतीनचं, त्यामुळे ही जागा बाद.

९ मार्च, शनिवार

आज बांधावर एक गृहस्थ भेटले. निवृत्त बसचालक. घडीचं स्टूल, गळ्यात दुर्बीण, डोक्याला पंच्यासारखा गुंडाळलेला रुमाल. नमस्कार करायच्या आधीच म्हणाले, वारा पश्चिमेचा, आज सगळी इकडूनच उतरणार. त्यांना सगळे वाराकाकाच म्हणतात. वीस वर्षं इथे येतात. त्यांनी मला टायरवाल्याच्या दुकानाची गच्ची दाखवली, टायरवाल्याशी ओळख करून दिली, कोणती जागा कोणत्या महिन्यात चांगली ते बोटांवर मोजून सांगितलं. माणूस म्हणजे चालतंबोलतं वेळापत्रक.

मी विचारलं, की बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे एक उंचवटा दिसतो, तिथे काय आहे? काका रुमाल सोडून पुन्हा बांधत बसले. मग म्हणाले, जुन्या पाण्याच्या टाकीचा चौथरा आहे, तिथे काही नाही, जाऊ नकोस.

साप वगैरे आहेत का, विचारलं. साप असते तर बरं झालं असतं, म्हणाले.

१० मार्च, रविवार

अर्थातच गेलो.

आणि आता काकांचा राग येतोय. वीस वर्षं हा माणूस ही जागा एकट्यासाठी राखून बसला होता! पुढे जमीन खोलगट आहे, त्यामुळे कुंपण खाली जातं आणि तार चौकटीत येतच नाही. तीननंतर सूर्य बरोबर पाठीशी. उतरणारं विमान अगदी नजरेच्या पातळीवरून, पूर्ण कूस दाखवत जातं. खिडक्या मोजता येतात. बावीसची जागा ठरली.

चार विमानांचे साठेक फोटो काढले. एकही वाया गेला नाही.

१२ मार्च, मंगळवार

फोटो मोठे करून बघत होतो. चारही विमानं वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या बनावटीची. चारही विमानांत पंखामागच्या सातव्या खिडकीत काहीतरी फिकट आहे. बाकी खिडक्या काळ्या. आधी वाटलं, उन्हाची चमक. पण चमक असती तर विमान पुढे सरकताना तीही सरकली असती. ही सरकत नाही.

भिंगावर डाग असेल. पुसून घेतलं.

१४ मार्च, गुरुवार

डाग नव्हे. त्याच भिंगातून टायरवाल्याच्या गच्चीवरून तीन विमानं घेतली, खिडक्या स्वच्छ. तासाभराने चौथऱ्यावरून दोन घेतली. दोन्हींत आहे.

दिवसाला पन्नास एक्स-रे बघतो मी. सावली कुठली आणि खरं कुठलं, हे ओळखण्याचाच पगार घेतो. ते डोकं आहे. काचेला टेकलेलं. आणि शेजारी हाताचा पंजा, पाची बोटं पसरलेली.

बाकीचे प्रवासी बाहेर बघत असतात तसं हे बघत नाही. विमान पुढे जातं तशी मान वळते. मी उभा असतो त्या बाजूला.

१६ मार्च, शनिवार

आज पाच विमानं. पाचही विमानांत. दर वेळी थोडं जास्त स्पष्ट. बाई आहे. केस मागे बांधलेले.

जाऊ नये असं वाटतं आणि दोन वाजले की पाय तिकडेच वळतात. आज जेवलोही नाही.

१७ मार्च, रविवार

ताई आहे.

तीनदा बघितलं. कपाळावर डाव्या बाजूला जळल्याची खूण, मला दूध तापवून देताना झालेली. तीच खूण. ताईच आहे, आणि हसते आहे.

लगेच फोन केला. ताई घरीच, कपडे वाळत घालत होती. माझा आवाज ऐकून विचारलं, ताप आहे का. नाही म्हणालो.

१८ मार्च, सोमवार

वाराकाकांना फोटो दाखवले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही, दुरूनच बघितलं. कोण आहे म्हणाले. बहीण म्हटलं. हयात आहे का? हो म्हटलं. तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

मग सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा एक दोस्त होता, शिंपी. त्यालाही हाच नाद. चौथरा त्यानेच शोधला. त्याला खिडकीत स्वतःची बायको दिसायची, आणि बायको तर माहेरी होती. एक दिवस खिडकी रिकामी दिसली. शिंपी आनंदाने पेढे वाटल्यासारखा सांगत सुटला, की सुटलो बाबा. त्याच दुपारी बायको माहेराहून परत आली. शेजाऱ्यांनी तिला पिशवी घेऊन जिना चढताना बघितलं. दुसऱ्या दिवशी बायको परत आली. म्हणजे खरी. दार सताड उघडं, दोन ताटं वाढलेली, शिंपी नाही. आजतागायत नाही.

काका म्हणाले, ते खिडकीत दिसतं तोवर ठीक, पोरा. दिसेनासं झालं की समजायचं, उतरलं.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं तर लोक मुद्दाम बघायला जातात. नाही सांगितलं तरी जातात. मी करू तरी काय?

१९ मार्च, मंगळवार

शिंप्याचं दुकान अजून आहे. बायको चालवते. खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तिच्यासमोर जमलं नाही. सगळं सांगितलं.

तिने मशीन थांबवलं नाही. बाही शिवत शिवतच बोलली. चार वर्षं चौकशी चालली म्हणाली. शेजारी शपथेवर सांगत, हीच बाई आदल्या दिवशी घरात गेली. सासूने मरेपर्यंत तोंड बघितलं नाही. "लोक मला विचारतात, तू त्याचं काय केलंस. मी लोकांना विचारते, ती कशी दिसत होती? तर म्हणतात, तुझ्यासारखी, फक्त खुशीत होती."

निघताना म्हणाली, बहिणीला येऊ देऊ नका. आणि कुणी आलंच तर दार उघडू नका.

२० मार्च, बुधवार

ताईशी तासभर भांडलो. खरं सांगितलं असतं तर ती पहिल्या गाडीने मला वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायला आली असती. शेवटी म्हटलं, विमानाने येऊ नकोस, माझ्या गळ्याची शपथ. एवढी हौस होती रे, म्हणाली. मग बरं म्हणाली. तिकीट रद्द. रेल्वेने येते, उद्या दुपारी एकची गाडी, परवा सकाळी पोचेल. येऊच नकोस म्हणायला हवं होतं. जीभ वळली नाही. तिला बघावंसं वाटतंय, खूप.

तीन वाजता चौथऱ्यावर गेलो. शेवटचं.

सात विमानं उतरली. सातही खिडक्या रिकाम्या.

२१ मार्च, गुरुवार

कामावर गेलो नाही. दाराला आतून कडी, वर खुर्ची टेकवली आहे.

दीड वाजता ताईला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. गाडीत बसली असेल. बसली असेलच.

४ वाजून १० —

बेल वाजली.

ताईचा आवाज. म्हणते, रेल्वेत जागाच मिळाली नाही, शेवटी विमानानेच आले, रागावू नकोस. फोन मेलाय म्हणते. लावून बघितला — क्षेत्राबाहेर. फोन मेला असला तरी हेच ऐकू येणार. गाडी डोंगरात असली तरी हेच.

४.२५

विचारलं. आईचं शेवटचं वाक्य. बरोबर. माझा दुधाचा दात पडला तो कुठे पुरला. बरोबर. पण शिंप्याकडे आलेल्या त्या बायकोचंही सगळं बरोबरच असणार —

तीन मजले चढून आली आहे, दम लागलाय. पाणी मागते —

४.४०

आवाज खालून येतोय. बसली पायरीवर. म्हणते, नको उघडूस बाबा, मी बसते इथे. तुझी भीती गेली की उघड.

आई गेल्यावर मी न्हाणीघरात कडी लावून बसलो होतो. दिवसभर. ताई बाहेर जमिनीवर बसून होती, आणि हेच म्हणत होती. अगदी हेच. हाका मारल्या नाहीत, दार ठोठावलं नाही.

हे ताईशिवाय कोण —

५.१५

उघडलं. ताईच आहे. मी लहान मुलासारखा रडलो, तिने जवळ घेतलं. हात बर्फासारखे गार, विमानात फार गारठा होता म्हणाली. आता स्वयंपाकघरात चहा ठेवते आहे, गुणगुणते आहे. किती दिवसांनी तिला इतक्या खुशीत बघतोय. लाज वाटते माझी मला. वाराकाकांना उद्या सांगायला हवं, की

फोन वाजतोय.

ताईचं नाव —

ताईच. मागे रुळांचा खडखडाट. आत्ता रेंज आली म्हणते. गाडी दोन तास मागे आहे, उद्या सकाळी घ्यायला ये, पिशव्या जड आहेत —

आतून विचारलं, कुणाचा फोन रे. दवाखान्याचा म्हणालो.

ताई विचारतेय घरात बाई कोण बोलली. फोन कट झाला. पुन्हा लागत नाही —

बाहेर जायचं तर स्वयंपाकघरावरूनच. गुणगुणणं थांबलंय —

ताई, ही वही गादीखाली सारतोय. तू गाडीतच होतीस. उद्या कुणी काही म्हणालं, शेजारी शपथा घेऊ लागले, तर तिकीट दाखव. फाडून टाकू नकोस, सवयीने फाडतेस तू — जपून ठेव, सगळ्यांना दाखव, म्हणजे तुझ्यावर