हसत निजली

न्यू बेडफर्ड,
९ नोव्हेंबर १८४६

प्रिय केझायाताई,

तुझं पत्र मिळालं, लोकरीचे मोजेही मिळाले. इथे थंडी लवकर पडली. सफरचंदं कापून वाळवून झाली. असाहेल देवमाशांच्या शिकारीवरून गेल्या आठवड्यात घरी आला, दोन वर्षांनी. माझा नवरा धडधाकट परत आला म्हणून शेजारणी माझं नशीब वाखाणून गेल्या. लुसिंडाला पुरून तोवर तीन आठवडे झाले होते.

माझी पोर कशी गेली, असं तू दोनदा विचारलंस. सांगते, पण आधी थडग्याच्या दगडाचं.

असाहेलने त्यावर माझ्याच चार ओळी कोरायला टाकल्या आहेत. बॉस्टनच्या नाताळ-अंकात आलेली ती कविता, 'लिलीच्या फुलांत हसत निजली' असा शेवट असलेली. आमच्याही बाळाच्या दगडावर तुमच्याच ओळी आहेत, असं कुठकुठल्या आया मला लिहून कळवतात. लुसिंडाला पुरताना पाद्रीबुवांनी तीच कविता वाचली. सगळे रडले. मी आपली बुटांकडे बघत होते.

ताई, या अंकांत आधी चित्र तयार होतं, मग त्यावर कविता बेतायची असते. गेल्या वर्षी संपादकाने मेलेल्या मुलीचं चित्र धाडलं. मला काही केल्या सुचेना. मग मी लुसिंडालाच बाकावर निजवलं. "डोळे मीट. हलू नकोस, काकवीची वडी देईन." ती कसली गप्प पडतेय! ओठ दाबून हसत होती. "आई, मेले का गं मी? मग दे की वडी!" ते हसू मी कवितेत घातलं. आणि खरं सांगते, लिहिताना मी खुशीत होते.

ती हसत गेली नाही. घसा सुजून बंद झाला होता. तीन दिवस श्वासासाठी झगडली. माझ्या हाताला कडकडून चावली, वण आहे अजून. "आई, काढ ना," एवढंच म्हणायची. काय काढू गं मी? मला तिच्याकडे बघवेना. खिडकीकडे तोंड केलं आणि तेवढ्यात ती गेली.

दगडावर नुसतं नाव असू दे, हे सांगायला काल असाहेलजवळ गेले. तो अंक मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवून बसला होता.

"अशीच गेली ना गं? हसत?"

"हो," मी म्हटलं.

"मग बरं. धक्क्यावर बातमी कळल्यापासून नाही नाही ते डोळ्यांपुढे येत होतं."

आल्यापासून तो काल पहिल्यांदा पोटभर जेवला. मी वाढत होते.

गुरुवारी दगड बसेल. तू ये. असाहेलने विचारलं तर ती हसत गेली असंच तूही म्हण. हे पत्र वाचलंस की चुलीत घाल. दगडावरचंच मागे राहू दे.

तुझी,
रॉक्साना