धुतलेली वाकळ

८ सप्टेंबर

दुकानात एक बाई आली. सोनं घेऊन नाही — कचरा मागायला! सोनं वितळवायच्या फुटक्या मुशी, जळके हातमोजे, अ‍ॅसिडनं भोकं पडलेल्या लुंग्या. हिंदीत मागत होती. माझ्या बरोबरीचा कारागीर जयराज कानाशी बोलला, "खुळी हाय का काय ही?" तर बाई फाडकन म्हणाली, "न्हाई दादा, शानी हाय. मलकापूरची, कराडजवळच्या." जयराजचं तोंड बघण्यासारखं! इथं केरळात, त्रिशूरात आपली भाषा अशी अंगावर येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

नाव आम्रपाली. कलाकार आहे, पण चित्रं काढत नाही. लोकांनी टाकलेल्या वस्तू गोळा करते आणि त्याच लोकांना बरोबर घेऊन काहीतरी बनवते. दसऱ्याच्या सुमाराला इथल्या एका जुन्या गोदामात प्रदर्शन आहे. "मी एकटी काही करत नाही," म्हणाली. "तुम्ही करायचं, मी हात लावायचा."

मी म्हणालो, ताई, माझ्याकडं ह्याच्याहून भारी वस्तू हाय.

बोलून बसलो. आता द्यायलाच पाहिजे.

९ सप्टेंबर

वस्तू म्हंजे आईची वाकळ, जुन्या लुगड्यांची गोधडी. आईनं — हरणाबाईनं — बापूसाठी शिवलेली. बापू म्हंजे माझा बाप, सयाजी. तो विट्याकडनं पहिल्यांदा इकडं सोनं आटवायला निघाला तवा शिवली. ह्याच दुकानात, ह्याच फरशीवर तो तिच्यावर झोपला. आजारी पडून गावी गेला, वारला. वाकळ इथंच राहिली. मी कामाला आलो त्या दिवशी अंथरूण शोधत माळ्यावर चढलो तर मुशींच्या पोत्याखाली ही! आईचा टाका लगेच ओळखला.

दुकानाचा नेम असा — दसऱ्याआधी चटया, फडकी, अंथरुणं सगळी भट्टीत. वर्षभराची सोन्याची धूळ त्यांत बसलेली असते, ती राखेतनं निघते. उंबऱ्याच्या आतली धूळ मालकाची. मालक म्हंजे, बापूच्या वेळेपासनं, आमच्याच गावचा लालासाहेब आण्णा. पण वाकळ मी दर साली परत त्याच पोत्याखाली दडवतो. आण्णाला पत्ता नाही! त्याला गंडवणारा ह्या बाजारात मी एकटाच.

सध्या आण्णा गावाकडं. तो यायच्या आत वाकळ प्रदर्शनात. एकदा भिंतीवर चढली की कोण जाळतंय?

११ सप्टेंबर

ताईला वाकळ दाखवली. काजळीवर, डागांवर नुसतं बोट फिरवत बसली. परवा न्यायला येते म्हणाली.

१२ सप्टेंबर

वाकळ धुतली. चार लोकांत आईची वस्तू टांगायची तर काय कळकट टांगायची? टबात घालून पायानं तुडवली. पाणी काळंकुट्ट. पण धूळ वाया घालवायची नाही — ती आण्णाची, मी काय चोर नाही — म्हणून सगळं पाणी त्याच्या जुन्या धोतरातनं गाळलं. वाकळ काय निघाली म्हणून सांगू! आतलं हिरवं लुगडं मला आज पहिल्यांदा दिसलं.

१३ सप्टेंबर

ताई आली. "धुतलीस?" म्हणाली आणि खाली बसली. वाकळेचं एक टोक हातात घेऊन — "अरे, ते काळं म्हणजेच तुमचं काम होतं. तुझं नि तुझ्या वडलांचं. तेच तर दाखवायचं होतं."

जयराज तडकला. "मग आधी सांगायचं न्हाई व्हय? आमच्यात पावण्यास्नी मळकं अंथरूण दावत न्हाईत."

मीही गप्प बसणारा नाही. दोरीवरचं धोतर दाखवलं. मधोमध काळा ढग, कडेनं पाण्याच्या रेघा, आणि ऊन आलं की बारीक चमक. म्हणालो, "काळं कुठं गेलं म्हणता? हे काय! आमच्या धंद्यात काय वाया जात न्हाई."

ताई उठली. धोतराजवळ गेली पण हात लावला नाही.

"कृष्णात, हे तू केलंस."

"चुकून झालं."

"माझंही निम्मं चुकूनच होतं रे."

ठरलं! वाकळ आणि धोतर, शेजारी शेजारी. वाकळेची भोकं तुम्हीच शिवा, मग दोन्ही नेते म्हणाली.

१८ सप्टेंबर

रोज काम सुटलं की दुकानातली सगळी पोरं सुई घेऊन बसतात. वाकळेच्या भोकांवर ज्याच्या त्याच्या जळक्या लुंगीचं ठिगळ. जयराज म्हणाला, "आता लुगडं तेवढं नेसायचं ऱ्हायलं!" पण त्याचाच टाका सगळ्यांत बारीक. आमच्याकडं शेवटच्या टाक्यात भाकरीचा तुकडा घालतात — वाकळ उपाशी ठेवायची नाही. इथं भाकरी कुठली? त्यानं इथल्या तांदळाच्या पुट्टूचा गोळा चेपून घातला. "आजपास्नं ही मल्याळी."

आईला व्हिडिओवर दाखवली. "टाकं लय लांब पडल्यात," म्हणाली. मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. "पर गड्यांनी शिवलीया म्हंजे झाक हाय!"

१९ सप्टेंबर

भिंतीवर नावं लागणार. सगळ्यांची. आईचं पहिलं.

२२ सप्टेंबर

आण्णा न सांगता आला. दोरीवर धोतर, खाली पसरलेली वाकळ. पोरांनी सुया खाली ठेवल्या.

"ही कुठनं निघाली?"

"माळ्यावरनं," मी म्हणालो.

"धोतर माझं. धूळ माझी. वाकळ उंबऱ्याच्या आतली."

"आवं आण्णा, प्रदर्शनात लागणार हायत. नावासकट."

"आपल्या झोपायच्या चिंध्या परक्या मुलखात भितीवर? सयाजी फरशीवर झोपत हुता ह्ये जगाला दावायचं?"

"झोपत हुता. मग? त्यात लाजायचं काय?"

आण्णाला तोंडाला तोंड मी आज पहिल्यांदा दिलं. तो पोरांकडं बघत होता, माझ्याकडं नाही. "एकाला सूट दिली की नेम मोडला," म्हणाला. वाकळ आणि धोतर काखेत मारलं. "सकाळी भट्टी."

मी सगळ्यांदेखत सांगितलं — ती भट्टीत गेली तर मी ह्या दुकानात राहणार नाही. नुसतं बोललो नाही. पिशवी भरून ठेवली आहे.

२३ सप्टेंबर

भट्टी पेटली. चटया गेल्या, फडकी गेली. पोरं गोल उभी. आण्णा माझ्यावर ओरडला, "बघतोस काय रं? माळ्यावरनं मोठी मूस आण!" मोठी मूस त्याच्या पायाशीच होती. तरी चढलो. पोत्याखाली वाकळ. तिच्या आत धोतर, घडी घालून. आणि माळ्यावरनं मागच्या जिन्याकडं जाणारं दार, ज्याला कायम कुलूप असतं नि किल्ली आण्णाकडं, ते उघडं.

बापू गेल्यावर वाकळ त्या पोत्याखाली कुणी ठेवली, हे मी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं.