खाली नाव कुणाचं

दादर, रविवार

आईस शेवंतीचा नमस्कार.

मी बरी आहे. तू दिलेली कुळथाची पिठी अजून पुरतेय. तुझा गुडघा कसा आहे?

प्रबंधाचं विचारत होतीस. माझ्या गाईड मॅडमनी शिकवलं होतं, लिहिलेलं मोठ्याने वाच, अडखळशील तिथे वाक्य तोड, आणि दुसऱ्याचं काही घेतलंस तर खाली त्याचं नाव दे. म्हणून तर करी रोडच्या आपल्या खानावळीचं प्रकरण तुला फोनवर वाचून दाखवलं. तू मध्येच म्हणालीस, "गिरणीचो भोंगो वाजलो काय भूक लागायची, घड्याळ कोणाकडे होता!" मी ते तसंच घातलं.

परवा मॅडमचा लेख छापून आला. सगळं माझंच प्रकरण, तुझं वाक्यसुद्धा. खाली नाव कुणाचंच नाही. विचारलं तर हसून म्हणाल्या, "अगं, तुला लिहायला शिकवलं कुणी?"

त्यांनीच शिकवलं गं. त्याचाच जास्त राग येतो.

बाबांना एवढ्यात सांगू नकोस. प्रकरण पुन्हा लिहिलंय. पहिल्याच पानावर खाली तुझ्या नावाची टीप आहे: सुभद्रा गुणाजी परब, खानावळ चालवणारी.

उद्या तपासायला मॅडमच्याच टेबलावर ठेवायचंय.

तुझी,
शेवंती