माशाचं तोंड अण्णांकडे

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. गेल्या दोन पत्रांत तू तुझ्या दाढेविषयी अवाक्षर काढलेलं नाहीस, त्यावरून तू अजून दाताच्या डॉक्टरकडे गेलेला नाहीस असं मी समजते. (हा घाबरटपणा तुझा लहानपणापासूनचा. तुझे दुधाचे दातसुद्धा मीच दोरा बांधून काढले होते.) तुझ्या बायकोची कंबर कशी आहे आणि मुलीची परीक्षा कशी झाली ते सविस्तर कळव. 'ठीक' हा शब्द वापरू नकोस, त्यातून कोणालाच काही कळत नाही. इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत. अण्णांची तर इतकी उत्तम आहे की मला तीन दिवस नीट झोप नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतोस आणि अण्णा दाराआडून ऐकतात. तेव्हा बसून वाच.

झालं असं की जावयाला बढती मिळाली. (तो जमिनींची मोजणी करतो हे तुला माहीत आहेच, आता इतरांनी केलेली मोजणी तपासणार.) त्या आनंदात त्यानं आम्हा सगळ्यांना, म्हणजे मी, तुझे भाऊजी, तुझी भाची आणि अण्णा यांना, एका चिनी हॉटेलात जेवायला न्यायचं ठरवलं. तिथे समुद्रात राहणाऱ्या प्राण्यांखेरीज काही मिळत नाही. मी म्हटलं की घरीच काहीतरी करू. त्यावर तो म्हणाला की घरचं तर रोजच असतं. (हे वाक्य मी तेव्हा साधं धरलं होतं. आता धरत नाही.) शेवटी मी एका अटीवर तयार झाले. अण्णांचं सूप थर्मासमधून बरोबर येईल, जाड मुठीचा चमचा येईल आणि गळ्याभोवती बांधायचा मोठा रुमालही येईल.

अण्णांच्या हाताचा तक्ता मी तुला पाठवला होता, तरी पुन्हा सांगते, कारण तू तो वाचला नसणार. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी अण्णांचं मीठ आणि तेल बंद केलं, तेव्हापासून मी त्यांच्यासाठी भाज्यांचं वेगळं अळणी सूप करते. त्याच सुमारास त्यांचा हात थरथरू लागल्याचं माझ्या लक्षात आलं. मी चार महिने सकाळ, दुपार, संध्याकाळ नोंद ठेवली. एका जेवणाला सरासरी सात थेंब टेबलावर, चार शर्टावर आणि कधीकधी अख्खा चमचा माझ्या मांडीवर. तक्ता डॉक्टरांना दाखवला, त्यांनी वयाकडे बोट दाखवलं. ज्या माणसाला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही त्याच्या हाती टोकदार चिमटे आणि पेट्रोलची बाटली ठेवणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, म्हणून मी त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या अवजारांचा लाकडी डबा पार्सलनं तुझ्याकडे पाठवून दिला. साठ वर्षं ते त्या डब्यावर वाकून बसले आणि त्यावर आपण दोघं शिकलो, हे मला कोणी सांगायला नको. पण भावना वेगळी आणि निरीक्षण वेगळं. डबा गेला त्या दिवशी अण्णा एवढंच म्हणाले की तू शिकलेली आहेस. मी याचा अर्थ संमती असा घेतला. त्यानंतर ते दिवसभर खिडकीशी बसू लागले आणि थेंब सातावरून अकरावर गेले. मी तेही लिहून ठेवलं.

तर हॉटेल. दारातच काचेच्या पाच मोठ्या टाक्या. मी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, पण ही सगळी मंडळी मी बाटलीत, औषधी पाण्यात, शांत आणि फिकट अशी पाहिलेली. इथे ती जिवंत होती आणि माझ्याकडे बघत होती. खेकड्यांच्या नांग्यांना रबराचे पट्टे घातलेले होते. मला राहवलं नाही. मी जावयाला पोटाकडची त्रिकोणी झडप दाखवून नर कोणता आणि मादी कोणती ते समजावलं. माझ्या मागे थांबलेल्या एका अनोळखी कुटुंबानं ते लक्षपूर्वक ऐकलं आणि जाऊन आपली ऑर्डर बदलली. म्हणजे एका खेकडीचा जीव माझ्या व्याख्यानामुळे गेला. एकतीस वर्षांत माझ्या शिकवण्याचा इतका तात्काळ उपयोग कोणी केला नव्हता. अण्णा मात्र टाक्यांकडे बघतच नव्हते. ते टाक्यांच्या वरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होते. ते चार वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं होतं.

आम्हाला एक गोल टेबल मिळालं. त्याच्या मधोमध फिरणारी काच असते. तिच्यावर सगळं ठेवायचं आणि ज्याला जे हवं त्यानं ते फिरवून आपल्यापुढे आणायचं. तुझ्या भाऊजींना ही कल्पना इतकी आवडली की जेवण येण्याआधीच त्यांनी ती काच अकरा वेळा फिरवली. (तीस वर्षं गिरणीत यंत्रांवर देखरेख केलेला माणूस.) या फेऱ्यांत अण्णांचा थर्मास, जो मी विश्वासानं काचेवर ठेवला होता, निघाला तो थेट जावयापुढे जाऊन थांबला. त्याला वाटलं सुरुवातीचं पेय आलं. त्यानं वाटीत ओतून घेतलं, एक घोट घेतला, वाटी हळूच खाली ठेवली आणि अतिशय नम्रपणे मला विचारलं की हे बोटं धुवायला आहे का. (त्याच्या घरी सुपाची पद्धत नसावी, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.) अण्णांना त्याच वेळी खोकल्याची मोठी उबळ आली. ती खोकल्याची नव्हती हे मला आता कळतं.

मग हॉटेलच्या मालकीणबाई आल्या. साठीच्या, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, माझ्यासारख्याच कामाच्या बाई. त्यांच्या हातात टोपली आणि टोपलीत एक जिवंत मासा. शिजवण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायचा, असा त्यांचा नियम. नुसती मान हलवायची असते हे मला कोणी सांगितलं नाही. मी चष्मा लावला, कल्ल्यांचं झाकण उचलून आतला रंग पाहिला, डोळ्यांची चमक पाहिली, शेपटीकडून दोन खवले मोजले आणि मासा निरोगी असल्याचं सांगितलं. मालकीणबाईंना ते फार आवडलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी त्यांचाही मासा तपासून घेतला. तुझे भाऊजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले की आता ओळख झाल्यावर याला परत सोडलेलं बरं. (पुढे त्यांनी त्या ओळखीच्या माशाचे तीन तुकडे खाल्ले.)

पंधरा मिनिटांनी तोच मासा वाफवून, आल्याच्या बारीक कात्रणाखाली झोपून आला. मालकीणबाईंनी ताट काचेवर ठेवलं आणि काच सावकाश फिरवून माशाचं तोंड अण्णांकडे आणून थांबवली. तोंड घरातल्या वडील माणसाकडे करायचं, त्यानं पहिला घास घ्यायचा आणि तोवर कोणी हात लावायचा नाही, अशी त्यांची रीत आहे म्हणे. मला घाम फुटला. आम्ही चौघं, मालकीणबाई आणि तो मासा, सगळे अण्णांच्या हाताकडे बघत होते, आणि त्या हाताचा चार महिन्यांचा तक्ता माझ्या पर्समध्ये होता. मी घाईनं उठले, त्यांच्या गळ्याला रुमाल बांधला, जाड मुठीचा चमचा हातात दिला आणि मालकीणबाईंना हळूच सांगितलं की त्यांना जमत नाही, त्यांच्या वतीनं मी घेते.

अण्णांनी रुमाल सोडला. त्याची चौकोनी घडी घातली. तिच्यावर चमचा ठेवून ती माझ्याकडे सरकवली. मग समोरच्या, जेवायच्या दोन काड्या उचलल्या, त्यांची टोकं एकमेकांवर टेकतात का ते दिव्याकडे धरून पाहिलं (आपल्या दुकानात नवा चिमटा आला की बघायचे तसंच) आणि मालकीणबाईंना विचारलं की बोटं कुठे ठेवायची. बाईंनी एकदा दाखवलं. एकदाच. अण्णांनी काच वीतभर फिरवली, माशाच्या डोळ्याखालचा गालाचा गोल तुकडा, जो जेमतेम शर्टाच्या बटणाएवढा असतो, अलगद सोडवला आणि सबंध टेबलावरून नेऊन माझ्या ताटलीत ठेवला. एक थेंब सांडला नाही. मी मोजत होते. शून्य.

जावई एकदम पाणी प्यायला लागला. तुझ्या भाचीनं माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही.

त्यानंतर खेकडा आला. आम्ही चौघं त्याच्याशी कुस्ती खेळत होतो. तुझ्या भाऊजींचा एक पाय (खेकड्याचा) शेजारच्या टेबलाखाली गेला. अण्णांनी बाह्या दुमडल्या, कवच फोडायचा अडकित्ता बाजूला सारला, आतलं मांस काढायची बारीक सळई मागून घेतली आणि खेकडा उघडला. फोडला नाही, उघडला. आधी वरचं झाकण, मग एकेक सांधा, आणि काढलेला प्रत्येक भाग ताटलीत घड्याळाच्या आकड्यांच्या क्रमानं मांडलेला. शेवटी त्या ताटलीकडे बघून वाटावं की चावी दिली तर खेकडा पुन्हा चालू लागेल. एकतीस वर्षांत माझ्या हातून इतकं स्वच्छ विच्छेदन झालेलं नाही, हे मी तुला लिहिते आहे, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मालकीणबाई उभ्याउभ्या बघत होत्या. त्यांनी विचारलं की आजोबा, काय करायचात तुम्ही.

अण्णांनी भिंतीकडे हात केला. "ते बंद पडलंय ना, ते करायचो."

बाई म्हणाल्या की टाक्यांच्या ओलीनं वर्षभर बंद आहे, यजमानांनी स्वतःच्या हातानं लावलेलं म्हणून उतरवलेलं नाही, आणि दुरुस्त करणारं कोणी उरलेलं नाही. तुम्ही बघाल का.

"बघेन की. पण माझी हत्यारं नाहीत माझ्याकडे," अण्णा म्हणाले. "हिनं पाठवून दिली. हात थरथरतो म्हणून."

हे ते अगदी सरळ, तक्रारीचा सूरही न लावता बोलले. मालकीणबाईंनी आधी त्या ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. धाकट्या, मी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढताना असंच बघत असे. त्या बघण्याच्या दुसऱ्या बाजूला काय होतं ते मला या वयात कळलं.

घरी येताना मी अण्णांना गाडीत उघड विचारलं की चार महिने हे काय नाटक होतं. मला वाटलं ते नाकारतील. ते म्हणाले, "नाटक कसलं. ताई, हात थरथरतो तो सुपापुढे. जेवढं सांडेल तेवढं प्यावं लागत नाही."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"तू लिहीत होतीस," अण्णा म्हणाले. "लिहिणाऱ्या माणसाला मध्ये टोकू नये."

घरी आल्यावर मी तक्ता काढून पाहिला. तारीख आहे, वेळ आहे, हवामान आहे, थेंब आहेत, कोणता हात तेही आहे. ताटात काय होतं याचा रकानाच नाही. एखाद्या विद्यार्थिनीनं असा तक्ता आणला असता तर मी तो तिच्यासमोर फाडला असता. तरी माझं म्हणणं कायम आहे की अण्णांनी मला फसवलं. वडिलांनी मुलीला फसवावं, तेही सुपावरून, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी, हे शोभत नाही. त्या हॉटेलात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणणारा मासा मला नको. या विषयावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

दाढ दाखवून ये.

तुझी,
ताई

ता. क. १: अवजारांचा डबा उलट टपाली परत पाठव. शनिवारपर्यंत पोचला पाहिजे, कारण रविवारी ते घड्याळ उतरवायचं आहे. सगळं जागच्या जागी असू दे. सर्वांत बारीक चिमट्यानं तुझी बायको भुवया कोरते असं तूच मागे हसत सांगितलं होतंस. तिला काही बोलू नकोस, पण तो तिच्या कपाटातून आजच काढून घे. टोक वाकलं असेल तर आधी मला कळव, अण्णांना नको. आणि डबा मी मागितला असंही त्यांना सांगू नकोस. तुला अडगळ झाली म्हणून परत पाठवलास, असं लिही. शिव्या तू खा, तुला सवय आहे.

ता. क. २: रविवारी दुपारी साडेबारा ते चार फोन करू नकोस. आम्ही घरी नसू. टेबल सांगून ठेवलं आहे, पाच जणांचं, टाक्यांजवळचं. डॉक्टरांना विचारलं, आठवड्यातून एकदा वाफवलेला मासा चालतो म्हणाले.

ता. क. ३: हे पत्र पाकिटात घालण्याआधी, घरात कोणी नसताना, मी ते सूप पहिल्यांदाच चाखून पाहिलं. टेबलावर नऊ थेंब.